आमच्या जळक्या डोंगरीवर

डोंगरीला आग लागली त्या दुपारी मी पवनीत एका लग्नाचे फोटो काढत होते. अंतरपाट धरला होता, अक्षता वाटून झाल्या होत्या, आणि मंडपाच्या कापडावरून दिसणाऱ्या आभाळात एक करडा पट्टा चढत होता. तेवढ्यात शेजारणीचा फोन आला. "वहिनी, आपल्या डोंगरीले इस्तो लागला वो. तुमची सासू घरी नाई."

मंगलाष्टकं सुरू असताना फोटोग्राफर निघून जात नाही. मी थांबले. हार घातले त्याचे फोटो काढले, डोळे पुसणाऱ्या आईचा काढला. मग नवरीच्या काकांना सांगितलं की तो धूर दिसतो ना, माझं घर त्याच बाजूला आहे. "जा बाई, जा," ते म्हणाले, आणि मी गाडीला किक मारली.

गावाच्या वळणावर पोचले तेव्हा डोंगरीचा अर्धा माथा धुरात गेला होता. वनरक्षक, गावातले गडी आणि कुणी न बोलावता गेलेल्या बाया हिरव्या फांद्यांनी जाळ झोडपत होत्या. त्या रांगेत माझ्या सासूबाई होत्या. पदर डोक्याला घट्ट गुंडाळलेला, भुवया होरपळलेल्या. मला पाहून म्हणाल्या, "उभी काय राह्यली? फांदी घे."

मी फांदी घेतली. त्या आगीचा एकही फोटो माझ्याकडे नाही. कॅमेरा गाडीच्या डिक्कीत होता आणि मला त्याची आठवणही झाली नाही. चपलेचा तळ वितळायला लागला की माणसाला फक्त पुढचा जाळ दिसतो.

वणवा पलीकडच्या उतारावरून, डांबरी रस्त्याच्या बाजूनं आला होता. वाऱ्यानं त्याला कडेवरून आमच्या उतारावर लोटलं. कुणी विडी टाकली, कुणी मुद्दाम लावला की आणखी काही झालं, हे आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही. मलाही नाही. पण आग पलीकडून आली, हे सगळ्या गावानं डोळ्यांनी पाहिलं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते डोळ्यांनी पाहिलेलं विसरायला लावणारं होतं.

माझं माहेर आसगावचं, धानाच्या बांध्यांमधलं. सासर मात्र जुनं गाव नाही. सासूबाईंचं मूळ गाव गोसीखुर्दच्या पाण्याखाली आहे. धरण भरलं तेव्हा त्यांना इथं आणून वसवलं. सरळ रस्ते, एका रांगेत घरं, मधे एक हातपंप. लिंबाची झाडं आता चांगली सावली देतात, तरी सासूबाई अजून त्याला 'नवं गाव'च म्हणतात.

जुन्या गावात प्रत्येक घराची मोहाची झाडं ठरलेली असत. कागदावर नव्हे, रिवाजानं. आजीनं ज्या झाडाखाली मोहफुलं वेचली त्याच झाडाखाली नात वेचायची. ती झाडं पाण्यात गेली. नव्या जागी जवळचे सगळे मोह आसपासच्या गावांतल्या घरांचे होते. कुणी सासूबाईंना हाकललं नाही, पण ये म्हणूनही कुणी म्हटलं नाही. मग त्या डोंगरी चढल्या. खूप वर, कातळाच्या पायरीपलीकडे त्यांना एक जुना मोह सापडला. तिथून फुलांची टोपली खाली आणायची म्हणजे गुडघ्यांचं काम, म्हणून तो कुणालाच नको होता. सासूबाईंनी त्याच्याखाली झाडलं, वेचलं, पुढच्या साली पुन्हा गेल्या. हळूहळू लोक त्याला 'बुढीचा मोह' म्हणायला लागले. ज्या बाईचं सगळं पाण्यानं नेलं होतं तिनं एक झाड स्वतःच्या हिमतीवर मिळवलं होतं. ह्या गोष्टीचा मला त्यांच्यापेक्षा जास्त गर्व होता.

घरात आम्ही दोघीच. नवरा वरठीला कारखान्यात, तिथंच खोली करून राहतो आणि सुटीला येतो. मी लग्नाचे फोटो काढते. आमच्या भागात लग्नाला बाई फोटोग्राफर म्हणून आली की आधी लोक फोटोग्राफरकडेच पाहात बसायचे. आता सवय झाली. डोंगरीवर फिरायला जायचं फाटक गावच्या वनसमितीकडे आलं, पाहुणे यायला लागले, तेव्हा मी गाईडचं शिक्षणही घेतलं. ज्यांना वाघ हवा ते दुसऱ्या गाईडकडे जात. ज्यांच्या गळ्यात कॅमेरा असे ते माझ्याकडे. त्यांना उजेड कधी कुठून येतो, नीलकंठ कोणत्या फांदीवर परत येऊन बसतो, टिटवीच्या अंड्यांपासून किती लांब थांबायचं, हे मी सांगायची. वाघ आमच्या डोंगरीवर क्वचितच येतो, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. वाघ असला की लोक दुसरं काही पाहात नाहीत.

आग विझली, आणि डोंगरीची राख अजून गरम असतानाच फोनवर तो फोटो आला.

फोटो माझ्या सासूबाईंचा होता. बुढीच्या मोहाखाली त्या वाकलेल्या, हातात खराटा, पुढ्यात पेटलेला पाल्याचा ढीग, धुरातून येणारे सूर्याचे पट्टे. फोटो सुंदर होता. मला त्या कामातलं कळतं म्हणून सांगते, फार सुंदर होता. खाली लिहिलं होतं, 'हीच ती माणसं. ह्यांच्यामुळे आपली जंगलं जळतात.'

तो काढणारे गृहस्थ शहरातले, मोठ्या लेन्सवाले, फोनवर ज्यांचे फोटो हजारो लोक पाहतात असे. आदल्या वर्षी मीच त्यांना वर नेलं होतं. तेव्हा मोहाचा हंगाम होता, आणि फुलं स्वच्छ जमिनीवर दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला गोळा करून जाळायची सगळीकडेच रीत होती. सासूबाई शेजारी पाण्याचा घडा ठेवून, ढीग विझेपर्यंत तिथून हलत नसत. फोटोत घडा नव्हता. तो चौकटीबाहेर ठेवला होता. त्यानंतरच्या हिवाळ्यात वनखात्याच्या लोकांनी बायांना हिरव्या जाळ्या दिल्या, झाडाखाली बांधा, पाला जाळू नका म्हणून. सगळ्यांत आधी जाळी बांधली ती सासूबाईंनी. "फूल मातीत पडत नाई, साफ राह्यते," असं त्या गावभर सांगत फिरल्या. आग लागली त्या वर्षी त्यांनी काडीसुद्धा ओढली नव्हती.

मी त्या गृहस्थांना फोन केला.

"सर, तो फोटो मागच्या वर्षीचा आहे."

"ताई, वर्ष महत्त्वाचं नाही. मुद्दा महत्त्वाचा आहे. जनजागृती होतेय."

"त्यात माझ्या सासूचा चेहरा आहे."

"तो एका व्यक्तीचा चेहरा नाही हो. प्रतीक आहे."

"तुमच्या प्रतीकाला वनखात्यानं उद्या चौकशीला बोलावलंय."

ते म्हणाले, मी गाडी चालवतोय, नंतर बोलू. नंतर त्यांनी फोन उचलला नाही.

चौकशीत कुणी वाईट बोललं नाही. सासूबाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, त्यांचं म्हणणं लिहून घेतलं. त्यांनी जाळीची गोष्ट सांगितली, आग विझवताना होरपळलेला हात दाखवला आणि त्या घरी आल्या. पुढे त्यातून काही निघालं नाही. पण त्याच आठवड्यात पवनीच्या बाजारात वांगी घेताना दोन पोरी फोनकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीनं पाहायला लागल्या. एकीनं दुसरीला कोपर मारलं. सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली, वांगी परत ढिगात टाकली आणि बसस्टँडवर येऊन बसल्या. त्यानंतर त्या बाजारात गेल्या नाहीत. डोंगरीवर तर नाहीच.

गावातही कुजबुज होती. एक जण मला तोंडावर म्हणाला, "त्याले तूच तं आनलं होतं."

"हो, मी आणलं होतं," मी म्हटलं. "आन फोटो त्यानं टाकला. दोन्ही गोष्टी पूर्ण सांगत जा."

मे महिना निघत आला तेव्हा समितीची बैठक झाली. अध्यक्ष म्हणजे माझ्या नवऱ्याचे लांबचे काका, स्वभावानं मऊ माणूस. ते म्हणाले, "सूनबाई, यंदा फाटक बंद ठेवू. जळकं जंगल पाहाले कोन येते?"

"मी आणते."

बाकीचे गाईड हसले. त्यांतला एक म्हणाला, "वहिनी, काय दाखवशीन तिथं? कोळसा?"

"हो. कोळसा दाखवीन."

बोलून गेले. खरं सांगायचं तर आग विझल्यापासून मी स्वतः वर गेले नव्हते. तिथं दाखवण्यासारखं काय उरलंय हे मलाही माहीत नव्हतं. मला फक्त एवढं कळत होतं की फाटक बंद झालं तर आमच्या डोंगरीचा शेवटचा फोटो तोच राहील. आणि तो फोटो खोटा होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी कॅमेरा घेऊन चढले. पायाखाली राख नव्हती, वाऱ्यानं ती कधीच उडवली होती. काळी, कडक, भाजलेली जमीन होती आणि मधेमधे उभी वारुळं, भट्टीतून काढलेल्या विटेसारखी लाल. पक्ष्यांचा आवाज नाही. मी एका दगडावर बसले आणि मला रडू आलं. ते येऊ दिलं. मग डोळे पुसून पाहिलं तर समोरच्या जळक्या सागाच्या बुंध्यातून एक फुटवा निघाला होता. तळहाताएवढी चारच पानं, इतकी तांबूस कोवळी की उन्हात त्यांच्या शिरा मोजता आल्या असत्या. कोळशाच्या काळ्यावर तो रंग असा पेटला होता की मी आपोआप पोटावर आडवी झाले आणि लेन्स लावली.

त्या दिवशी मी खूप वेळ तिथं होते. मेलेल्या झाडाच्या सालीखालचे किडे काढायला सुतार पक्षी आला होता. उघड्या जमिनीवर रातवा पक्षी बसला होता, त्याच्याच रंगाच्या जळक्या पाल्यात. मी जवळजवळ त्याच्यावर पाय देणार होते. पूर्वी जंगल दाट असताना जे पक्षी मला नुसते ऐकू यायचे, ते आता समोर दिसत होते. उजेड जमिनीपर्यंत येत होता. कॅमेऱ्याला याहून काय हवं असतं?

घरी येऊन सासूबाईंना फोटो दाखवायला गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मेलं ते," त्या म्हणाल्या. "मेल्याचे फोटो कायले काढून राह्यली?"

"मेलं नाही आई. पाहा तर. फुटवा आहे."

"माही पहिली झाडं पान्यात गेली तवाबी लोक असेच सांगत होते. नवं येते, नवं येते. तुले नवं दिसते वो. मले जुनं गेलेलं दिसते."

"तुमचा मोह—"

"त्याचं नाव काढू नोको."

मी कॅमेरा बंद केला. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. जुनं गेलं होतं, आणि चार पानांनी त्याची भरपाई होत नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वर गेले. त्यांच्या दुःखापुढे मी हात जोडत होते, पण त्या दुःखाच्या म्हणण्यावरून घरी बसणार नव्हते.

पावसाळ्यात काळ्यावर हिरवं चढलं. आधी गवत, मग बांबूचे कोवळे कोंब, वास्ते, मग भिजलेल्या वारुळांवर पांढऱ्या सात्या उगवल्या आणि बाया त्या अळिंबीसाठी पदर खोचून धावल्या. जळक्या झुडपांवरून कळलावी चढली. तिचं फूल लाल-पिवळं, पाकळ्या ज्वाळेसारख्या वर वळलेल्या. माझे फोटो पाहून अधूनमधून कुणीतरी यायला लागलं. एक प्राध्यापक, एक नवरा-बायको, एक मुलींचा गट. मी सगळ्यांना फाटकावरच एक गोष्ट सांगायची. झाडाचा, पाखराचा, किड्याचा फोटो खुशाल काढा. माणसाचा काढायचा तर आधी विचारा, आणि त्याखाली काय लिहिणार तेही सांगा. काही जण मान डोलवायचे. एकानं विचारलं, "एवढी कसली भीती?" मी म्हटलं, भीती नाही, नियम आहे.

आणि मग त्या गृहस्थांचा स्वतःहून फोन आला. आवाज गोड. जळलेल्या जंगलाचं पुनरुज्जीवन ह्या विषयावर ते कार्यशाळा घेत होते, चांगला मोठा गट होता, आमच्या डोंगरीचे फोटो त्यांनी पाहिले होते. "आणि ताई, त्या आजींनाही घेऊन या वर. तेच झाड, तोच अँगल. आधी आणि नंतर. फार ताकदीची जोडी होईल."

मी म्हटलं, या.

ते दोन गाड्या भरून आले. फाटकावर सगळे गाईड केस विंचरून उभे होते. अख्खा हंगाम कोरडा गेलेला, आणि एकाच वेळी इतके पाहुणे. काकांनी चहा मांडला होता. मी गृहस्थांना नमस्कार केला आणि म्हटलं, "सर, वर जायच्या आधी एक काम आहे. इथं, ह्या लोकांसमोर सांगा की तो फोटो आगीच्या आदल्या वर्षीचा होता, आणि ज्या बाईला तुम्ही आग लावणारी म्हटलं तिनं आग विझवली. मग मी तुम्हाला हवं तिथं नेते."

ते हसले. "ताई, झालं ते झालं. आपण सकारात्मक बोलू."

"सकारात्मकच आहे. दोनच वाक्यं आहेत."

"माझे विद्यार्थी आहेत सोबत."

"म्हणूनच आता सांगा. त्यांनाही शिकता येईल."

त्यांचा चेहरा बदलला. "हे बघा, मी तुमच्या गावाला प्रसिद्धी देतोय. नको असेल तर दुसरं फाटक आहे."

काका माझ्या कानाशी आले. "सूनबाई, जाऊ दे ना. एवढे पाव्हणे." मागून एक गाईड चिडून म्हणाला, "एका शब्दासाठी आमच्या पोटावर पाय देऊन राह्यली काय, वहिनी?"

मला त्याचा राग आला नाही. त्याचं घर मला माहीत होतं. पण मी फाटकाच्या आडव्या बांबूवर हात ठेवला आणि तो काढला नाही. "तुम्ही न्या त्यांना," मी त्याला म्हटलं. "मी अडवत नाही. पण बुढीच्या मोहापाशी कोणी नेलं तर मी तिथं उभी राहीन आणि त्यांच्या प्रत्येक फोटोत येईन. मला फोटो बिघडवता येतात. पंधरा वर्षं चांगले काढलेत म्हणून."

कुणीतरी हसलं. तो गाईड नव्हता, गटातली एक बाई होती. गृहस्थांनी लेन्सची पिशवी उचलली. गाड्या वळल्या, धूळ उडाली, चहा तसाच राहिला. गाईड माझ्याशी न बोलता घरी गेले. मी एकटीनं चहाचं पातेलं घासलं. पातेलं लख्ख निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हसलेल्या बाई ऑटोनं परत आल्या. नागपूरच्या, दवाखान्यात नर्स म्हणून काम करून निवृत्त झालेल्या, गळ्यात लहानसा कॅमेरा. मला वाटलं, कालच्या भांडणाबद्दल काही म्हणतील. त्या म्हणाल्या, "तिकडं दिवसभर गाडीत बसवलं हो. मला चालायचं होतं."

मी पाण्याची बाटली भरायला घरी आले तर अंगणात सासूबाई चप्पल घालून उभ्या. काल फाटकावर काय झालं ते शेजारणीनं त्यांना तिखटमीठ लावून सांगितलं होतं.

"मीबी येतो," त्या म्हणाल्या.

"कायले, आई?"

"तो मले माह्या झाडाखाली उभी कराले आला होता म्हने. तो कोन मले उभी करनारा? माही मी उभी राहीन."

आम्ही तिघी चढलो. सासूबाई पुढे, नर्सबाई मधे, मी मागे. सागाचे फुटवे आता माणसाहून उंच होते आणि त्यांची पानं सुपाएवढी. नर्सबाईंना कळलावीचा फोटो घ्यायचा होता, पण मागचं आभाळ फार उजळ येत होतं. मी त्यांना खाली बसवलं, फुलामागे जळका बुंधा येईल असं सरकवलं. "आभाळ कापून टाका. मागे काळं घ्या." त्यांनी काढला आणि पडद्यावर पाहून पोरीसारख्या ओरडल्या. सासूबाई थांबल्या. मागे आल्या. पहिल्यांदाच त्यांनी मान वाकवून एक फोटो पाहिला.

"हे आपल्या डोंगरीवरचं होय?"

"तुमच्या पायाशी आहे, आई."

त्यांनी पायाशी पाहिलं. पुढे चालताना त्यांची नजर खाली आणि बाजूला फिरत होती. एका ठिकाणी वाकून सात्या खुडल्या आणि ओच्यात टाकल्या.

मोहापाशी पोचलो. खोड आतून पोकळ जळलेलं, एक फांदी मोडून पडलेली, एकही पान नाही. मी मनात आशा धरली होती की कुठून तरी अंकुर दिसेल. नव्हता. सासूबाईंनी खोडावर तळहात आपटला, दुसऱ्या बाजूनं जाऊन पुन्हा आपटला, कान लावला. वैद्य नाडी पाहतो तसं नव्हे, उशिरा आलेल्या पाहुण्यानं दार ठोठावावं तसं.

"मेलं," त्या म्हणाल्या. "मी म्हनत होतो ना."

"हो आई. हे मेलं."

मी हो म्हटलं ह्याचं त्यांना बरं वाटलं असावं. इतके दिवस मी प्रत्येक गोष्टीला 'पाहा तर, पाहा तर' करत होते. त्या खोडाला टेकून बसल्या आणि मनसोक्त रडल्या. आम्ही दोघी जरा लांब जाऊन बसलो. नर्सबाईंनी कॅमेरा पिशवीत घातला होता.

बऱ्याच वेळानं सासूबाईंनी नाक पुसलं. नर्सबाई जवळ गेल्या. "आजी, तुमचा फोटो काढू का?"

"कायले?"

"तुम्ही आग विझवली म्हणून. तेच लिहीन खाली."

"थांब." त्यांनी पदर झटकला, नीट डोक्यावर घेतला, खोडापासून दोन हात पुढे आल्या आणि उभ्या राहिल्या. वाकून नाही, खराटा नाही. सरळ लेन्समध्ये पाहिलं. त्या नजरेसमोर नर्सबाईंनी कॅमेरा पुन्हा नीट धरला. मी कुजबुजले, "श्वास सोडून दाबा." त्यांनी दाबलं.

दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई भरली. झाडीपट्टीत मंडई म्हणजे भाऊबीजेनंतरची जत्रा, दुकानं, रात्रीचं नाटक, माहेरी आलेल्या लेकी. मी लग्नाचे फोटो जिथं छापून घेते तिथून डोंगरीचे मोठे फोटो छापून आणले आणि शाळेच्या भिंतीशी दोरी बांधून चिमट्यांनी टांगले. फुटवा, रातवा, कळलावी, सुतार. मधोमध सासूबाई. खाली मोठ्या अक्षरात, 'ह्या बाईनं आग विझवली.'

सासूबाई स्वतः शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. मी नको म्हणत होते, गर्दीत काहीबाही ऐकावं लागेल म्हणून. त्या म्हणाल्या, "ऐकाले तं बसली."

भजी खात आलेला एक पोरगेला बाप फोटोसमोर थांबला आणि बायकोला म्हणाला, "हे तेच बुढी ना? फोनवर आली होती ते?"

"हो, मीच," सासूबाई म्हणाल्या. "बोल."

तो गडबडला. "नाई आजी, म्हनजे... फोटो आला होता."

"तू पुढं पाठवला होता?"

बायको म्हणाली, "पाठवला होता यानं. साऱ्यांनीच पाठवला."

"मंग हाबी पाठव," सासूबाई म्हणाल्या. "काढ फोन. मी विचारलं तं हो म्हनतो. काढ."

त्यानं भज्यांचा कागद बायकोच्या हातात दिला, बोटं पँटला पुसली आणि टांगलेल्या फोटोचा फोटो काढला. खालची ओळ आली की नाही ते सासूबाईंनी स्वतः पाहिलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी असे कितीतरी जण पकडले. काही लोक लांबूनच वळून गेले. एका म्हाताऱ्यानं तरीही विडी ओढत ऐकवलं की आगी बायाच लावतात. सासूबाईंनी त्याला हातातली विडी आधी विझवायला सांगितलं. आजूबाजूचे हसले आणि त्यानं ती खरोखरच पायाखाली चिरडली.

तो जुना फोटो अजून कुठं कुठं फिरतो. जो एकदा सुटला तो परत येत नाही, हे माझ्या धंद्यातलं साधं सत्य आहे. त्या गृहस्थांच्या पानावरून तो एक दिवस गुपचूप गेला. ना खुलासा, ना माफी. मी वाट पाहिली नाही. सासूबाईंनी तर विचारलंही नाही. त्या पुन्हा बाजारात जायला लागल्या होत्या, आणि वांगी आधीपेक्षा जास्त घासाघीस करून घेत होत्या.

गाईड मंडळी महिनाभर माझ्याशी तुटक वागली. मग पाहुणे यायला लागले, थोडे, पण चालायला तयार असलेले. ज्यानं मला पोटावर पाय देतेस म्हटलं होतं, तोच एकदा फाटकावर एका गटाला सांगताना ऐकला. "मानसाचा फोटो विचारल्याबिगर नाई. आमच्या इथचा कायदा आहे." मला पाहून त्यानं मान फिरवली. समितीनं पुढं तो नियम फाटकाच्या फळीवर रंगवून घेतला. अक्षरं वाकडी आहेत, पण लांबून वाचता येतात.

यंदा माघ संपताना आम्ही बायांनी डोंगरीच्या पलीकडच्या कडेला जाळरेषा झाडायला घेतली. रुंद पट्टा पाल्यापासून मोकळा करायचा, म्हणजे रस्त्याकडून आग आली तर तिथं तिला खायला काही मिळणार नाही. वनखात्याचे लोक त्यांची बाजू करत होते, आम्ही आमची. पाठीला रग लागते, नाकातोंडात धूळ जाते, आणि झाडून मागे पाहिलं तर सागानं आणखी चार पानं टाकलेली असतात. सागाच्या पानांना सासूबाईंच्या शिव्या ऐकण्यासारख्या असतात.

त्या दिवशी माझ्यासोबत एक तरुण पाहुणा होता. चांगला मुलगा, नियम ऐकलेला. धुळीत उजेडाचे पट्टे पडले होते, खराट्यांची रांग एका लयीत चालली होती. त्यानं अदबीनं सासूबाईंना विचारलं, "आजी, तुमचा फोटो काढला तर चालेल?"

सासूबाईंनी त्याला वरून खालपर्यंत पाहिलं. त्याचे नवे बूट, त्याचे मोकळे हात.

"चालते," त्या म्हणाल्या, आणि आपला खराटा त्याच्यापुढे धरला. "पन फोटो मंग. पहिले हे धर."